ऊर्जासभेचं कीर्तन आणि गुरुराजांचं कुलूप

या, असे पुढे सरकून बसा. मोबाईल खिशात ठेवा, मांडी नीट घाला, मागच्यांनाही जागा करून द्या. आज अशा भक्तांची गोष्ट सांगतो, ज्यांना आपण भक्त आहोत याचा पत्ताच नव्हता. ही मंडळी गळ्यात माळ घालत नाहीत, ओळखपत्र घालतात. नाम घेत नाहीत, रीडिंग घेतात. देवळात गेलीच तर मूर्तीच्या आधी त्यांची नजर गाभाऱ्यातल्या वायरिंगवर जाते आणि हात जोडलेले असतानाच ती एकमेकांना विचारतात, अर्थिंग कुठे आहे हो? तरीही गोष्ट भक्तीचीच आहे. शेवटपर्यंत बसलात तर पटेल.

ऊर्जा अभियंता सभा नावाची एक संस्था. वीज तयार करणारे, वाहून नेणारे, मोजणारे आणि 'वाचवा वाचवा' म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडणारे असे सगळे इंजिनियर तिचे सभासद. तिच्या बेंगळूरु शाखेचे मानद चिटणीस म्हणजे आपले पद्माकर. मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी विद्युत संशोधन संस्थेत उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर बेंगळुरातल्या बनशंकरीतच राहिले. 'मानद' या शब्दात मान आहे खरा, पण तो चिटणिसाने इतरांना द्यायचा असतो हे त्यांना पद घेतल्यावर कळलं. खुर्च्या मांडायच्या, वक्त्याला आणायचं, वक्ता कन्नडमध्ये विनोद करू लागला की सर्वांत आधी हसायचं, ही सगळी कामं ते मनापासून करत. कारण तरुणपणी या शहरात एकटे आले तेव्हा भाषा येत नव्हती, जेवण रुचत नव्हतं, आणि ज्या खोलीत पाऊल टाकताच आपलं बोलणं समोरच्याला कळतं अशी एकच खोली होती, ती म्हणजे या सभेची. तिथे कुणी धारवाडचा, कुणी मदुराईचा, कुणी नांदेडचा. पण ट्रान्सफॉर्मरच्या तेलाविषयी बोलणं निघालं की सगळे एका आईची लेकरं.

तर अशा या शाखेवर संकट आलं. संकट म्हणजे वार्षिक व्याख्यान.

गेल्या वर्षीचा विषय होता 'वीजवाहिन्यांतील विकृत लहरी व त्यांचे निवारण'. हजर होते ते पदाधिकारी, वक्ते, वक्त्यांच्या सौभाग्यवती, आणि शेजारच्या कल्याणमंटपातला साखरपुडा समजून चुकून आत शिरलेलं एक कुटुंब. ते बिचारं चहापर्यंत बसलं. जाताना म्हणालं, कार्यक्रम छान झाला, फक्त मुलगी दिसली नाही.

यावर मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयाने कळवलं की यंदाच्या वार्षिक सभेला एक तृतीयांश सभासद आले नाहीत तर बेंगळूरु शाखा बंद करून सभासद चेन्नैला जोडण्यात येतील. हजेरी मोजायला निरीक्षक येईल, आणि ती सही करून चालणार नाही, अंगठ्याच्या यंत्रावरच द्यावी लागेल. कारण मागे कुठल्याशा शाखेने दिवंगत सभासदांनाही हजर दाखवलं होतं, आणि त्यातल्या एकाने शेवटी आभारही मानल्याचं इतिवृत्तात निघालं.

पद्माकरांचं जेवण तुटलं. आपल्या आधीच्यांनी शाखा काढली, वाढवली, आणि आपण ती बुडवून चेन्नैला पोचती केली, हे आपल्या नावापुढे लागणार. निवृत्त माणसापाशी नावाखेरीज असतं काय?

सल्ले मात्र मिळू लागले. बनशंकरीत सल्ला मागावा लागत नाही, जिन्यात उभं राहिलं की मिळतो. खालच्या मजल्यावरचे रघुपती, हे बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले की व्याख्यानाला माणूस येत नसतो, ऊटाला, जेवायला येतो. चांगलं जेवण ठेवा, बिसिबेळेभात ठेवा, वर स्वल्प तूप, आणि पाहा. पद्माकरांनी मान हलवली, पण मनात म्हणाले, शाखा जगायची ती भातावर? कुणी म्हणालं, नटी बोलवा. कुणी म्हणालं, सगळं ऑनलाइन करा. त्यावर पद्माकरांनी खिन्नपणे विचारलं, अंगठा कसा पाठवायचा?

शेवटी सल्ला आला तो घरातून, आणि तोही सल्ला म्हणून नव्हे. पद्माकरांच्या पत्नी प्रतिमाताई दर एकादशीला चामराजपेटेत सकवारबाईंच्या कीर्तनाला जात. त्या रात्री ताटात तसाच पडलेला भात पाहून त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या भाषणाला माणसं येत नाहीत, आणि आमच्या बाईंच्या कीर्तनातून उठत नाहीत. मग तुमचं ते भाषण बाईंनाच द्या की करायला."

हा टोमणा होता. पण पद्माकर इंजिनियर. त्यांच्यापुढे कुणीही काहीही ठेवलं तरी ते त्याला प्रस्तावच समजतात. त्यांनी क्षणभर विचार केला आणि उरलेला भात संपवला.

आता सकवारबाईंविषयी थोडं सांगायला हवं, आणि ते थोडक्यात सांगणं माझ्या जिवावर येतं. बाई चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज घोड्यावरून या मुलखात उतरला आणि घोड्याला इथला चारा आवडला म्हणून राहिला, असं त्या सांगतात. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि कीर्तनात दोन्ही भाषा फुगडी घालतात. पेटीवर धाकटे भाऊ खंडोजी. बाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, चिपळ्या वाजल्या की बाजारातला हमाल आणि विद्यापीठातला प्राध्यापक एकाच सतरंजीवर एकाच मापाने डोलतात. मी स्वतः त्यांच्या पूर्वरंगाला बसताना पायाला मुंगी चावलेली उत्तररंग संपल्यावर कळलेला माणूस आहे.

पद्माकरांनी त्यांना ऊर्जाबचतीवर कीर्तन करायची विनंती केली. बाई म्हणाल्या की त्यांना विजेतलं फक्त बिल कळतं. मग म्हणाल्या, "पण आमच्या गोष्टीतली ती कधी रिकामी न होणारी थाळी सूर्याने दिलेली होती, नाही का अण्णा? वनवासातल्या राजांना? ते तुमच्यातच बसतंय की. सरी, करूया."

सौरऊर्जा, पाकशास्त्र आणि भक्ती एकाच थाळीत. पद्माकर तरंगत घरी आले. पण तरंगणाऱ्या माणसाला जमिनीवर आणायला कार्यकारिणी असते.

शाखेचे अध्यक्ष देवव्रत. हा माणूस सोन्यासारखा. फक्त आयुष्यात एकही गोष्ट त्यांनी मसुद्याशिवाय केलेली नाही. कीर्तनाला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. उलट ते म्हणाले की कल्पना उत्तम आहे, कन्नड मंडळींनाही हरिकथा ठाऊक आहे. फक्त सभेच्या व्यासपीठावरून जे मांडलं जातं त्याचा गोषवारा आधी यावा आणि दोन तज्ज्ञांनी तो तपासावा, हा नियम आहे. नियम कीर्तनाला लागू नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

त्यामुळे सकवारबाईंचं कीर्तन तपासणीला गेलं. पूर्वरंग म्हणजे सत्र पहिलं, उत्तररंग म्हणजे सत्र दुसरं, मधला नामगजर आणि बुक्का हा चहापानाचा पर्याय म्हणून मान्य झाला. तज्ज्ञांची नावं गुप्त होती, पण शेरे वाचून सगळ्यांनी ओळखली. एकाने लिहिलं, 'देव सर्वत्र समान आहे' हे विधान मोजमापाच्या आधाराशिवाय केलेलं दिसतं. दुसऱ्याने लिहिलं, सदर थाळीची कार्यक्षमता शंभर टक्क्यांहून अधिक येते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशी हे कसं जुळतं, याचा लेखिकेने खुलासा करावा.

हे शेरे घेऊन चामराजपेटेत जाताना पद्माकरांना रिक्षातून उडी मारावीशी वाटली. बाईंनी ते पेटीवर पसरून शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा अण्णा, घरधनिणीचं जेवण झालं की त्या थाळीतलंही त्या दिवसापुरतं संपत होतं. लोडशेडिंग तेव्हाही होतं."

खुलासा दोन्ही तज्ज्ञांनी एकमताने मान्य केला. एकाने तर वर लिहिलं की मुद्दा विचार करण्याजोगा आहे.

तोवर दुसरी आघाडी उघडली होती. शाखेचे सुरक्षाप्रमुख गुरुराज. धारवाडचे, उंच, कमी बोलणारे, आणि बोललेच तर धोक्याविषयी बोलणारे. त्यांच्या घरी सत्यनारायणाला निरांजनाशेजारी वाळूची बादली असते. त्यांनी विचारलं की बुक्का म्हणजे काय. पद्माकर म्हणाले, काळी सुगंधी पूड, कपाळाला लावतात. गुरुराजांनी डोळे मिटले. बारीक पूड, बंद जागा, वर विजेची उपकरणं. ही पूड हवेत उधळणार की फक्त लावणार? लावणार. कोण? सगळे एकमेकांना. अंगठ्याने. बरं, मग चालेल. आरतीच्या ज्योतीजवळ मात्र माणूस हवा. तो माणूस म्हणून पद्माकरांनाच नेमण्यात आलं. चिटणीस, आयोजक आणि आता अग्निशामक. ज्या संशोधन संस्थेत लोक त्यांना पाहून उठून उभे राहत, तिथल्या जुन्या सहकाऱ्याने हे ऐकून फोनवर कसंबसं हसू आवरावं, हे त्यांना फार लागलं.

पण एक सांगतो. या सगळ्या तपासण्यांनी एक गंमत केली. सभासदांमध्ये चर्चा पसरली. कीर्तन कसलं, थाळी कसली, बुक्क्याचं काय ठरलं, हे विचारायला जे फोन कधी येत नव्हते ते येऊ लागले. येणार का, असं पद्माकरांनी कुणाला विचारावंच लागलं नाही.

रविवार उजाडला. सभा संध्याकाळी उजेड असतानाच होती, बनशंकरीतल्याच एका जुन्या कल्याणमंटपात. दुपारी गुरुराज सुरक्षेची पाहणी करत असतानाच पद्माकरांना आठवलं की निरीक्षक यशोवर्धन बेळ्ळंदूरच्या हॉटेलात उतरलेत आणि त्यांना आणायला कुणीच गेलेलं नाही. त्यांनी गुरुराजांना हातातलं काम सोडून अक्षरशः गाडीत ढकललं. बेळ्ळंदूरच्या वाहनकोंडीत रविवारीही असं जावं लागतं की निघताना देवाला नमस्कार करावा आणि घरी सांगून जावं.

गुरुराज गेले, आणि पाठोपाठ यशोवर्धन दारात हजर. निरीक्षकाने शाखेचा पाहुणचार घेऊ नये असं त्यांचं व्रत. ते आपले मेट्रोने आणि रिक्षाने स्वतःच आले होते. म्हणजे गुरुराज आता हॉटेलच्या पोर्चमध्ये अशा माणसाची वाट पाहत बसणार, जो बनशंकरीत बसून पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पितो आहे.

आणि माणसं येऊ लागली. पद्माकर दारात उभे राहिले ते उभेच राहिले. ज्यांची नावं फक्त यादीत पाहिली होती ते आले. काठी टेकत आले, नातवंडं घेऊन आले. तुमकूरहून मोटारसायकलवरून एक जोडपं आलं. मदुराईचे ते वयस्क सभासद आले, ज्यांना मराठीतला 'म' कळत नाही. ते म्हणाले, थाळीच्या कार्यक्षमतेचं पुढे काय झालं ते ऐकायला आलोय. रघुपतीसुद्धा आले आणि सभासद नसताना सगळ्यांचं स्वागत करू लागले. खुर्च्या संपल्या.  पद्माकरांनी यशोवर्धनना नम्रपणे सांगितलं की हजेरी सुरू करावी.

यशोवर्धननी यंत्राचा प्लग लावला. यंत्र लागेना. बटण पाहिलं. दुसरं पाहिलं. माइक लागेना, दिवे लागेनात, पंखा फिरेना. ऊर्जा अभियंता सभेच्या वार्षिक अधिवेशनात वीज नव्हती. रस्त्यापलीकडच्या नारळपाणीवाल्याच्या टपरीवर दिवा ढळढळीत जळत होता.

आता कल्पना करा. शहरातले निम्मे वीजतज्ज्ञ एका छपराखाली, आणि वीज गेलेली. सगळे एकदम उठले. लग्नघरात वरमाईला चक्कर आली आणि पंगतीत दीडशे डॉक्टर बसलेले निघाले, तर जे होईल ते झालं. जिन्याखालच्या पॅनेलच्या खोलीपाशी झुंबड उडाली. आणि तिथे पोचून जो तो थांबत गेला.

पॅनेलच्या मुख्य स्विचला लाल कुलूप होतं. त्याला पाटी लटकत होती. पाटीवर गुरुराजांचा गंभीर फोटो आणि खाली शब्द: धोका, काम चालू आहे.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. विजेच्या तारेवर कुणी काम करत असलं की त्याचा स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात. का? तर काम चालू आहे हे न कळून तो दुसऱ्या कुणी सुरू केला, तर तारेवर हात असलेला माणूस तिथल्या तिथे जाईल. म्हणून ज्याचं कुलूप, त्यानेच ते काढायचं. मालकाने नाही, साहेबाने नाही, मंत्र्याने नाही. ही त्या लोकांची एकादशी आहे. ती मोडत नाहीत.

पद्माकरांनी गुरुराजांना फोन लावला. फोन वाजला. पॅनेलच्या शेजारीच वाजला. गुरुराज तो तिथे चार्जिंगला लावून गेले होते, आणि कुलूप त्यांनीच लावल्यामुळे तो चार्ज होत नव्हता. दोन रिंग होऊन तोही गेला.

हॉटेलला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की एक उंच गृहस्थ बराच वेळ बसले होते, आत्ताच निघाले. आत्ताच निघाले म्हणजे रिंग रोडला लागले. म्हणजे केव्हा येतील ते सांगणं हवामान खात्याच्या हातात.

मग चर्चा सुरू झाली. गुरुराज तर इथे नाहीत, मग तारेवर हात कुणाचा असणार? एकजण म्हणाला, मंटपाच्या इलेक्ट्रिशियनला दुपारी शिडी घेऊन गच्चीकडे जाताना पाहिलं होतं. शोधलं तर शिडी नाही, माणूस नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. इमारत जुनी, याच स्विचवरून गच्ची, मागचं स्वयंपाकघर, पंप, आणि भिंतीतून कुठे कुठे गेलेल्या तारा. गुरुराजांनी कुणाला कुठे कामाला लावलंय हे फक्त गुरुराजांना ठाऊक.

यशोवर्धन घड्याळ पाहत होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. त्यांनी पद्माकरांना बाजूला घेऊन सांगितलं की कागदावर घेतलेली हजेरी चालणार नाही, सभा संपेपर्यंत यंत्रावर अंगठे आले नाहीत तर आपल्याला शून्य लिहावं लागेल. कुलूप फोडायला मंटपाच्या व्यवस्थापकाची हरकत नाही, त्यांच्याकडे कटर आहे, आणि तारेवर कुणी असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

पद्माकरांनी दारातून सभागृहाकडे पाहिलं. इतकी माणसं या शाखेने तिच्या उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ती सगळी तिथे होती, श्वास घेत होती, खोकत होती, आणि हिशेबात शून्य होती. व्यवस्थापक कटर घेऊन उभाच होता.

"लिहा शून्य," पद्माकर म्हणाले. "शाखा गेली तर पुन्हा काढता येते."

इतकं बोलून त्यांनी व्यवस्थापकाच्या हातातलं कटर हलकेच काढून घेतलं आणि कुठे ठेवावं ते न सुचून काखेत धरलं. मागे उभ्या असलेल्या दीडशे इंजिनियरांपैकी एकानेही 'अहो पण' म्हटलं नाही. देवव्रत फक्त म्हणाले, बरोबर आहे, आणि पॅनेलच्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसले, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मसुद्याशिवाय काहीतरी केलं.

सकवारबाई हे सगळं व्यासपीठावरून पाहत होत्या. त्यांनी पद्माकरांना जवळ बोलावलं आणि विचारलं, सभा संपली असं कधी धरतात? पद्माकरांनी खांदे पाडून निमंत्रणावरचं सांगितलं: कीर्तनाच्या आरतीने सांगता.

"सरी," बाई म्हणाल्या. "मग आरती कधी म्हणायची ते माझ्या हातात आहे की, अण्णा. तुम्ही बसा."

आणि त्यांनी पदर खोचला.

माइक नव्हता, म्हणून बाईंनी सगळ्यांना खुर्च्या सोडून पुढे सतरंजीवर यायला सांगितलं. गुरुराजांनी आखून दिलेली सुरक्षित अंतरं क्षणात मोडली. निवृत्त मुख्य अभियंते नातवंडांच्या मांडीला मांडी लावून बसले. खिडक्या उघडल्या, संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं आणि बाईंचा आवाज त्या उन्हासारखा शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. पूर्वरंग झाला. नामगजरात बुक्का फिरला. मदुराईच्या वृद्ध सभासदाने यशोवर्धनच्याही कपाळाला लावला, आणि पाहुणचार न घेणाऱ्या निरीक्षकाला तो परत करता येईना. उत्तररंगात थाळी आली, सूर्य आला, लोडशेडिंगचा विनोद आला तेव्हा गुप्त तज्ज्ञ इतके हसले की राहिलं साहिलं गुपितही गेलं.

थाळी संपली. गुरुराज नाहीत. बाईंनी दुसरी कथा काढली. तीही संपली. यशोवर्धननी घड्याळाकडे पाहिलं की बाई गजर धरत. 'विठ्ठल विठ्ठल' सुरू झालं की कुठली घड्याळाची बिशाद? इंजिनियरांना टाळ्या वाजवायला आधी संकोच वाटला. पण एकदा ठेका सापडल्यावर त्यांनी असा बिनचूक धरला की खंडोजींनी पेटीवरून मान वर करून पाहिलं. घराण्यातल्या टाळकऱ्यांनीही इतकी समान टाळी कधी दिली नव्हती. आरतीच्या ज्योतीचे रक्षक पद्माकर, काखेत कटर, डोळ्यांत पाणी, टाळ्या वाजवत होते. कटर मध्येच खाली पडलं. त्यांनी उचललं नाही.

बाईंचा आवाज बसत चालला होता. गजर करता करता एकदा तो फाटलाच, तेव्हा समोरच्या दीडशे गळ्यांनी तो उचलून धरला.

उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा दारात गुरुराज उभे राहिले. घामाने डबडबलेले, ओशाळलेले. म्हणाले की निरीक्षक सापडले नाहीत, क्षमा असावी. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "सगळे अंधारात का बसलात?"

गजर थांबला. देवव्रत खुर्चीवरून उठले आणि त्यांनी विचारलं की तारेवर कोण आहे.

गुरुराजांनी खिशातली किल्ली चाचपली. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू काळवंडला. "कुणी नाही," ते म्हणाले. "पॅनेलचे स्क्रू आवळायला कुलूप मीच लावलं होतं. काढायचं राहिलं."

आणि तो इलेक्ट्रिशियन? तो शिडी घेऊन चामराजपेटेतल्या एका लग्नाच्या कामाला गेला होता.

 पद्माकरांच्या मनात आलं, कुणासाठी थांबलो आपण? कुणी नव्हतंच. आता लोक हसतील, किंवा चिडतील, दोन्ही आपल्यावरच. यशोवर्धनही त्यांच्याचकडे पाहत होते.

तेव्हा सकवारबाई बोलल्या. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता, पण मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"अण्णा, मी जन्मभर न दिसणाऱ्याचंच कीर्तन करत आले. त्याच्यासाठी घासातला घास बाजूला ठेवणारे पुष्कळ पाहिले. सगळं ताट सरकवून ठेवणारे आज पाहिले. आरती घ्या."

मग आधी गुरुराजांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, दिवे लागले, पंखे फिरले. यंत्रानेही डोळा उघडला. बाईंनी ज्योत हातात धरली पण ताट ओवाळेनात. आरती सुरू होत नव्हती तोवर सभा चालू होती. सगळे रांगेत उभे राहिले. पहिल्याने अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. दुसऱ्याने ठेवला. नकार. सगळ्यांच्या अंगठ्यांना बुक्का होता. मग दीडशे इंजिनियर मंटपाच्या मागच्या नळावर, आणि रघुपती साबणाची वडी घेऊन प्रत्येकाला 'स्वल्प नीट घासा' म्हणत उभे. यशोवर्धन कपाळावरचा बुक्का तसाच ठेवून एकेक अंगठा मोजत होते. एक तृतीयांश केव्हाच मागे पडलं. आणि बाईंच्या हातातली ज्योत जळत राहिली, प्रतिमाताई तिच्यात तूप घालत राहिल्या.

शेवटी पद्माकर आले. अंगठा ठेवला. नकार. पुन्हा धुतला, पुसला, ठेवला. नकार. आयुष्यभर तारा आणि सोल्डरिंग हाताळून त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्राच्या लेखी तो अंगठा कुणाचाच नव्हता.

मध्यवर्ती कार्यालयाकडून पुढे जो अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की बेंगळूरु शाखेची सभा अभूतपूर्व उपस्थितीत पार पडली, शाखा चालू ठेवावी. फक्त मानद चिटणीस गैरहजर असल्याचं दिसतं, त्यांनी खुलासा पाठवावा. प्रतिमाताईंनी तो कागद वाचला आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. पद्माकरांनी खुलासा लिहायला घेतला, लेखणी खाली ठेवली, आणि जेवायला उठले. त्या दिवशी ते दोनदा भात वाढून घेऊन जेवले.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. कधीतरी ऐन जेवणाच्या वेळी तुमची वीज जाईल, तुम्ही कपाळाला आठ्या घालाल आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढाल. माझं मागणं एवढंच आहे की त्याआधी त्या एकाची काढा. लांब कुठेतरी, तुम्हाला न दिसणाऱ्या एका तारेवर त्याचा हात असेल. कदाचित नसेलही. तरी काढा.